तुझे मार्क त्यांना कुणी सांगितले?

मंडळाने ऑनर सोसायट्यांकडून, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांना मेंबर करून घेणाऱ्या संस्थांकडून, मुलांना येणारी पत्रं खरी की खोटी हा विषय दिला तेव्हा म्हटलं यावर मीच बोलतो, कारण मी स्वतः यात पैसे घालवलेत. मास्टर्सला अमेरिकेत आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला ऑनर सोसायटीचं पत्र, जाड कागद, सोनेरी शिक्का, तुमची निवड झालीय, अमुक तारखेच्या आत 95 डॉलर भरा. आईला फोन केला, तिने आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. पुढे सर्टिफिकेट आलं तर त्यात आडनावातलं एक अक्षर गायब! आणि त्याहून मोठी गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली, ते पत्र आलं तेव्हा माझे एकाही विषयाचे ग्रेड लागलेले नव्हते, मग निवड केली कशावरून?

तर मुलांना पत्र आलं की आधी हेच विचारा, तुझे मार्क यांना कुणी सांगितले. इथे विद्यार्थ्यांची माहिती जपणारा 1974 चा फर्पा कायदा आहे, त्यात नाव, पत्ता, ईमेल ही डिरेक्टरी इन्फर्मेशन, म्हणजे साधी ओळखीची माहिती धरतात, मुलाने मनाई केली नसेल तर कॉलेज ती बाहेर देऊ शकतं, पण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, त्यात येत नाही, तो बाहेरच्या संस्थेला द्यायचा तर मुलाची लेखी संमती लागते. म्हणजे पत्रावर नाव-पत्ता बरोबर आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खऱ्या सोसायटीचा कॉलेजमध्येच चॅप्टर, म्हणजे शाखा असते, तिथलेच प्रोफेसर मार्कांची यादी बघून ठरवतात. सगळ्यात जुनी फाय बीटा कॅपा, 1776 साली व्हर्जिनियात विल्यम अँड मेरी कॉलेजमध्ये सुरू झालेली, तिला अर्ज करताच येत नाही, आणि ती आर्ट्स-सायन्सवाल्यांची, आपली निम्मी मुलं इंजिनिअरिंगला! त्यांच्यासाठी टाऊ बीटा पाय आहे, 1885 ची, ज्युनियर म्हणजे तिसऱ्या वर्षाला असेल तर वर्गात वरच्या एक-अष्टमांशात आणि सिनियर म्हणजे शेवटच्या वर्षाला असेल तर वरच्या एक-पंचमांशात असावा लागतो. नावात ग्रीक अक्षरं आहेत म्हणून भुलू नका, ती कुणीही लावू शकतं.

मागे कुणीतरी म्हणालं की पैसे मागितले म्हणजे फ्रॉड. तसं नाही हो, चांगल्या सोसायट्याही प्रवेश फी घेतात. कॉलेजच्या वेबसाइटवरून नंबर काढा (पत्रातला नको!), डीनच्या ऑफिसला विचारा की चॅप्टर आहे का, त्याचा फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर, म्हणजे चॅप्टर बघणारा प्रोफेसर कोण. त्या अ‍ॅडव्हायझरला एक मेल टाकला की झालं. 1925 पासून या सोसायट्यांची एक असोसिएशनही आहे, एसीएचएस (असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज), तिची मेंबर सोसायट्यांची यादी चाळायला पाच मिनिटं लागतात.

आणि समजा सोसायटी खरी निघाली, तरी उपयोग काय ते बघा. एसीएचएसच्या यादीतल्या सोसायटीची मेंबरशिप असली की फेडरल सरकारच्या बऱ्याच नोकऱ्यांत ग्रॅज्युएट मुलाला जीएस-5 ऐवजी जीएस-7 या वरच्या पगाराच्या ग्रेडवर घेऊ शकतात, ही गोष्ट पत्रांत मोठ्या अक्षरात छापतात. पण त्या नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी अमेरिकन नागरिकत्व लागतं. इथे जन्मलेल्या तुमच्या मुलांना त्याचा फायदा होईल, पण पुण्याहून एफ-1, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेल्या तुमच्या भाच्याला नाही, त्याने आधी स्कॉलरशिप किती आणि किती जणांना देतात ते विचारावं, उत्तर गुळमुळीत आलं तर तेवढ्या पैशात आठवड्याचा किराणा येतो.