फाइलीतला स्कीमा आणि तिथवरची वाट

मित्रहो, वापरात असलेल्या बहुतेक प्रणालींचे निदान तीन डेटाबेस असतात: प्रोग्रामरच्या संगणकावरचा, चाचणीचा आणि प्रत्यक्ष कामाचा. तिन्हींचा स्कीमा, म्हणजे टेबले, कॉलम वगैरेंची रचना, एकच आहे असे सगळे गृहीत धरून चालतात. सहा महिन्यांनी पाहावे, तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मंदावली म्हणून कोणीतरी रात्री कामाच्या डेटाबेसवर हाताने इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घातलेला असतो, चाचणीच्या डेटाबेसमध्ये एखादा कॉलम जुन्याच प्रकाराचा राहिलेला असतो, आणि यांतला खरा स्कीमा कोणता हे ठरवायला काहीच आधार नसतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे क्रमांक दिलेल्या मायग्रेशन फाइली, म्हणजे स्कीमातला एकेक बदल क्रमाने लिहिलेल्या फाइली. लिक्विबेस आणि फ्लायवे ही साधने त्याच पद्धतीची. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या पद्धतीबद्दल. या पद्धतीत स्कीमा शेवटी कसा असावा एवढेच आपण फाइलीत लिहितो, आणि तिथवर पोहोचण्याच्या आज्ञा साधन तयार करते. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीसाठीच्या पायरसियस या साधनसंचात ‘डीबीटूयामल’ ही कमांड डेटाबेस वाचून यामल या साध्या मजकुराच्या स्वरूपातली फाइल लिहिते, आणि ‘यामलटूडीबी’ ती फाइल व डेटाबेस यांतला फरक काढून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा, छापते. नुसते छापते, चालवत नाही. चालवायचे असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. ही सवय मला फार शहाणपणाची वाटते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीसाठीच्या एका साधनाचे नावच स्कीमा (Skeema) आहे (देवनागरीत लिहिताना त्याने भलताच घोटाळा होतो), आणि डेटा नष्ट करू शकणारी आज्ञा ते स्पष्ट परवानगीशिवाय चालवत नाही.

फरक काढणे ऐकायला सोपे वाटते, पण डेटाबेस आपला मजकूर जसाच्या तसा जपून ठेवत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘स्थिती इन (नवे, पूर्ण)’ अशी चेक अट (कॉलममध्ये कोणती मूल्ये चालतील हे ठरवणारी) घाला आणि परत वाचा. तिथे ‘इन’ जाऊन ‘इक्वल्स एनी ॲरे’ असे रूप आलेले दिसेल. ‘व्हारचार’चे ‘कॅरेक्टर व्हेरिंग’ होते. नुसत्या मजकुराची तुलना करणाऱ्या साधनाला हा फरक दर वेळी नव्याने दिसतो आणि ते तीच अट रोज पाडून पुन्हा बांधते. म्हणून काही साधने आपली फाइल आधी एका रिकाम्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये चढवतात, तिथून ती परत वाचतात आणि मग दोन वाचनांची तुलना करतात. साधन निवडताना माझी पहिली परीक्षा हीच असते: बदल लागू केल्यावर लगेच दुसऱ्यांदा चालवले, तर एकही आज्ञा छापली जाता कामा नये.

पण ही परीक्षा पुरेशी नाही, आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. ग्राहक टेबलातल्या ‘फोन’ कॉलमचे नाव बदलून तुम्ही फाइलीत ‘मोबाइल’ केले असे समजा. साधनाच्या एका हातात ‘फोन’ असलेला डेटाबेस आहे, दुसऱ्या हातात ‘मोबाइल’ असलेली फाइल आहे. मधे काय घडले हे त्याला कोणीच सांगितलेले नाही. ते सरळ दोन आज्ञा लिहिते: ‘मोबाइल’ कॉलम जोडा, ‘फोन’ कॉलम पाडा. त्या चालवल्या की डेटाबेस फाइलीशी तंतोतंत जुळतो, दुसऱ्या फेरीत फरक शून्य येतो, आणि सगळ्या ग्राहकांचे क्रमांक गेलेले असतात. चाचणीच्या डेटाबेसवर मी स्वतः हे करून बसलो आहे. त्या टेबलात चारच ओळी होत्या म्हणून निभावले. फाइल मुक्काम सांगते, वाट सांगत नाही. म्हणून पायरसियसमध्ये कॉलमच्या नोंदीत ‘ओल्डनेम’ लिहून जुने नाव कळवण्याची सोय आहे. काम झाल्यावर ती ओळ काढायची, कारण ती स्कीमाचे वर्णन नसून एकदाची सूचना आहे.

वाटेवर कुलुपेही लागतात. पोस्टग्रेसमधल्या ऑल्टर टेबल या टेबल बदलणाऱ्या आज्ञेच्या अनेक प्रकारांना टेबलावर पूर्ण एकाधिकार लागतो. आज्ञा क्षणात संपणारी असली, तरी आधीपासून चाललेल्या एखाद्या लांबलचक क्वेरीमागे ती थांबते आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या क्वेरींची रांग लागते. यासाठी ‘लॉक टाइमआउट’, म्हणजे कुलपासाठी थांबण्याची कालमर्यादा, लावून ठेवावा. २०१८ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलम जोडताना टेबल नव्याने लिहावे लागत नाही, हा मोठाच दिलासा आहे. इंडेक्स मात्र ‘कनकरंटली’, म्हणजे टेबलावरचे लिहिणे न अडवता, बांधायचा असेल, तर तो ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल किंवा काहीच नाही अशा आज्ञांच्या गटात) बसत नाही, तेव्हा सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबण्याचा पर्याय तिथे उपयोगाचा नाही.

मायएसक्यूएलमध्ये स्कीमा बदलणारी आज्ञा आपोआप कमिट (कायम) होते, त्यामुळे पाच आज्ञांपैकी तिसरी फसली तर पहिल्या दोन मागे घेता येत नाहीत. क्रमांकवार मायग्रेशन अशा वेळी अर्धवट अडकते. फाइलीशी ताडून पाहणारे साधन पुन्हा चालवले, की ते उरलेलाच फरक काढते. या पद्धतीचा हा फायदा मला सर्वात मोलाचा वाटतो.

ही तुलना रोज रात्री कामाच्या डेटाबेसवर, काहीही न बदलता, नुसती चालवून ठेवावी. हाताने घातलेला तो इंडेक्स दुसऱ्याच दिवशी सापडेल, आणि साधन तो पाडण्याची आज्ञा छापेल, कारण त्याच्या लेखी फाइल नेहमीच बरोबर असते. आज्ञा चालवण्याआधी तो इंडेक्स घालणाऱ्याला विचारावे. क्वेरी त्याच्यावरच तगून असेल, तर बदल डेटाबेसमध्ये न करता फाइलीत करावा.