समुद्रावरची पाळी, घरची पाळी

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रविज्ञान हा माझा व्यवसाय आहे आणि घर व बाग यांवर माझा जीव आहे. ही तिन्ही एका आयुष्यात कशी नांदवायची, असे मला नेहमी विचारले जाते, आणि विशेषतः या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुली ते फार काळजीने विचारतात. आजचे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. रोजच्या दिवसात कामाला इतके तास, घराला इतके तास, अशी वाटणी आमच्या व्यवसायात टिकत नाही. हिशेब मांडायचा तो वर्षाचा, आणि तोही घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून.

त्याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. समुद्रशास्त्रज्ञ सदा समुद्रावरच असतो, हा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात वर्षाचा मोठा भाग प्रयोगशाळेत आणि संगणकासमोर जातो. काही आठवड्यांच्या सफरीत गोळा केलेले नमुने आणि आकडे पुढे कित्येक वर्षे पुरतात. मात्र जितके दिवस माणूस जहाजावर असतो, तितके दिवस तो पूर्णपणे जहाजाचा असतो. रात्री दोन वाजता जहाज ठरलेल्या ठिकाणी थांबते. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे सीटीडी नावाचे उपकरण आणि त्याच्याभोवती गोलाकार रचलेल्या नमुन्याच्या बाटल्या अशी जड चौकट पोलादी तारेला लावून पाण्यात सोडली जाते. सेकंदाला साधारण १ मीटर या वेगाने ती ४,००० मीटर खाली जायची आणि वाटेत निरनिराळ्या खोलींवर बाटल्या बंद करत वर यायची, म्हणजे तीन तास सहज लागतात. चौकट डेकवर आली की नमुने काढण्याचा क्रम पाळावाच लागतो. विरघळलेल्या वायूंचे नमुने सर्वांत आधी, कारण हवेशी संबंध आला की ते बिघडतात. लवणतेचे सर्वांत शेवटी. प्राणवायूच्या नमुन्यासाठी रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, एकही बुडबुडा राहू न देता, पाणी काही वेळ वाहू द्यावे लागते आणि मगच बूच बसवायचे. त्या घटकेला घरून कोणताही निरोप आला तरी हात सोडता येत नाही.

म्हणून जे काही साधायचे ते निघण्यापूर्वी साधावे लागते. जहाजावरचा वेळ फार महाग असतो आणि त्याचे वाटप बरेच महिने आधी होते. आमच्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे, कारण सफरीची तारीख कळताच घराचे वर्ष तिच्याभोवती मांडता येते. मुलांच्या परीक्षा, वडीलधाऱ्यांच्या तपासण्या, घराची डागडुजी यांतले काय आधी उरकायचे, काय परतल्यावर करायचे आणि काय माझ्याशिवायच होणार, हे आम्ही तेव्हाच ठरवतो. यातला तिसरा भाग मनाला सर्वांत जड जातो; तो आधीच उघडपणे बोलून घेतला तर घरात रुसवेफुगवे पुष्कळ कमी होतात.

जहाजावरच्या एका पद्धतीचा मला घरी सर्वाधिक उपयोग झाला आहे, आणि ती म्हणजे कामाची पाळी सोपवण्याची. पाळी संपवून जाणारा माणूस नुसता निघून जात नाही. कोणते उपकरण कुरकुर करते आहे, कोणता नमुना अर्धवट आहे, पुढचे ठिकाण केव्हा येणार, हे तो नोंदवहीत लिहितो, येणाऱ्याला तोंडी सांगतो आणि मगच झोपायला जातो. आमच्या घरीही अशी एक वही आहे. कोणाचे औषध केव्हा संपते, पाण्याच्या टाकीची कोणती झडप अडकते, मुलाला सध्या कोणत्या विषयाची धास्ती वाटते, कोणत्या कुंडीला रोज पाणी हवे आणि कोणतीला आठवड्याने चालते, हे सगळे तिच्यात असते. मी समुद्रावर असताना माझे पती तीच वही पुढे लिहितात. या वहीमुळे घरकामाचा खरा आकार कागदावर दिसतो. ज्या कामांची कोणी कधी गणतीच केली नव्हती, ती तिथे ओळीने उभी राहतात. घरी राहणारा माणूस आपल्याला मदत करतो असे म्हणणे मला पटत नाही; तो पाळीवर असतो, आणि पाळीवरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार असतो. आता जहाजावरूनही उपग्रहामार्गे बोलता येते, त्यामुळे दूरवर बसून घर चालवण्याचा मोह होतो. तो आवरावा. गप्पा माराव्यात, विचारपूस करावी, सूचना मात्र देऊ नयेत.

आता बागेविषयी. झाडाला आपली तारीख समजावून सांगता येत नाही, म्हणून समुद्रावर जाणाऱ्याने झाडेच विचारपूर्वक निवडावी लागतात. रोज तोडणी आणि पाणी मागणाऱ्या भाज्या मी फक्त मुक्कामाच्या महिन्यांत लावते. बागेचा कायमचा भाग खोल मुळांच्या, बहुवर्षायू झुडपांचा आहे. त्यांत बोगनवेल मला विशेष प्रिय आहे. ती एकदा रुजली की थोड्या कोरड्या मातीत उलट अधिक फुलते. शिवाय तिचा इतिहास आमच्या व्यवसायाच्या जवळचा आहे. १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फ्रेंच मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों यांनी ब्राझीलमध्ये तिची नोंद केली. त्यांच्या मदतनीस जान बारे या पुरुषाच्या वेशात जहाजावर चढल्या होत्या, कारण फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता. जगप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

निघण्याच्या तयारीतही क्रम आहे. सफरीच्या तोंडावर खत घालू नये. खताने कोवळी फूट येते आणि कोवळी फूट पाणी जास्त मागते. हलकी छाटणी करावी, कळ्या आणि फळे थोडी कमी करावीत, आळ्यांवर वाळक्या पानांचे जाड आच्छादन द्यावे. मातीच्या कुंड्यांचे पाणी बाजूंनीही उडून जाते, म्हणून त्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवाव्यात. ठिबकची नळी आणि तिचे घड्याळ बसवले असेल, तर ते आपण घरी असतानाच आठवडाभर चालवून पाहावे. समुद्रात टाकायचे प्रत्येक उपकरण आम्ही आधी डेकवर तपासतो. बागेला तोच न्याय लावावा.

खताचा विषय निघाला म्हणून थोडे अधिक सांगते, कारण इथे बाग आणि समुद्र प्रत्यक्ष जोडलेले आहेत. बागेतल्या झाडांप्रमाणे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनाही नत्र आणि स्फुरद लागतात. त्यांच्या शरीरात कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी १०६ : १६ : १ असे आढळते, आणि ते अल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. नत्राच्या नायट्रेट या रूपाला मातीचे कण धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे झाडाने न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर ओढ्यात, नदीत आणि अखेर समुद्रात जाते. तिथे शैवाल माजते, मरून तळाशी जाते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मिसिसिपी नदीच्या मुखापुढे दर उन्हाळ्यात प्राणवायू अगदी कमी उरलेल्या अशा पाण्याचा मोठा पट्टा तयार होतो. त्याच्यापुढे घरची बाग चिमुकली आहे हे मला मान्य आहे, तरीही खताची मूठ भरताना मला तो पट्टा आठवतो आणि मूठ आवळली जाते.

घर आणि समुद्रविज्ञान यांचा विचार करताना मला कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शैवालतज्ज्ञ बाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२८ मध्ये त्यांनी लग्न केले. विवाहित स्त्रियांना नोकरीवर ठेवायचे नाही, या मँचेस्टर विद्यापीठाच्या त्या वेळच्या धोरणामुळे त्यांचे अध्यापनाचे पद गेले. दोन मुले वाढवत, पगाराविना, त्यांनी संशोधन चालू ठेवले. त्यांचे पती अभियंते होते आणि त्यांनी भरती-ओहोटीसारखे पाणी चढवणारी-उतरवणारी टाकी त्यांना बनवून दिली. १९४९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की शिंपल्यांच्या कवचात वाढणारे, वेगळी जात समजले गेलेले गुलाबी तंतू म्हणजे पॉर्फायरा या शैवालाचीच एक अवस्था आहे. जपानमध्ये नोरी या खाण्याच्या वाळवलेल्या शैवालासाठी याच गटातले शैवाल वाढवतात. त्याचे बीज कुठून येते हे तोवर शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते आणि त्या काळात पीक बुडत चालले होते. या शोधाच्या आधारे जपानी संशोधकांनी कवचांवर बीज वाढवण्याची रीत बसवली. जपानमधल्या उतो येथे समुद्राकडे तोंड करून १९६३ मध्ये बाईंचे स्मारक उभे राहिले, आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांना वंदन केले जाते. जपानला त्या स्वतः कधीच गेल्या नव्हत्या.

मुलींनो, त्या टाकीचा विचार करा, आणि त्या गेलेल्या पदाचाही. घरातल्या माणसाने मनापासून हातभार लावला तर केवढे काम उभे राहते, आणि संस्था आडवी आली तर तेच काम किती महाग पडते, हे दोन्ही त्यात आहे. आज काही वाटा सोप्या झाल्या आहेत. आर्गो प्रकल्पाचे सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगक जगभरच्या समुद्रांत फिरत असतात. बहुतेक तरंगक दर १० दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येऊन तापमान आणि लवणता कळवतात, आणि ती माहिती कोणालाही मोफत मिळते. मूल लहान आहे किंवा घरात आजारपण आहे, अशा वर्षांत या आकड्यांवर उत्तम संशोधन करता येते. तेही पूर्ण समुद्रविज्ञानच आहे, आणि निवड समित्यांनी ते तसेच मोजले पाहिजे. सफरींच्या तारखा लवकर जाहीर कराव्यात, त्या बदलल्या तर लगेच कळवावे, आणि एखाद्या वर्षी जहाजावर न गेलेल्या व्यक्तीचे नाव पुढच्या सफरीच्या यादीतून गळू देऊ नये, एवढी मागणी मी संस्थाचालकांकडे या माध्यमातून करते आहे. नमस्कार.