लातूरच्या घरात परभणी

नमस्कार मंडळी. माझं माहेर परभणी आणि सासर लातूर. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, "म्हणजे जवळच की, सगळा मराठवाडाच तो." त्याला म्हणावं, बाबा, एकदा आमच्या घरी जेवायला ये. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई मागे टाकून लातुरात शिरलं की भाजीच्या फोडणीपासून पाहुण्याच्या पाण्यापर्यंत सगळे कायदे बदलतात. ते मोडले तर शिक्षा नाही. फक्त आमचे सासरे, म्हणजे मामा, चष्मा कपाळावर सरकवून आपल्याकडे बघतात. शिक्षा परवडली.

आमच्या घरात विनोद कुणी सांगत नाही. सगळे आपापल्या जागी भयंकर गंभीर आहेत, आणि ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळायची वेळ माझ्यावर येते ती त्यामुळेच.

सुरुवात साखरपुड्यातच झाली. मामांनी पानाला चुना लावता लावता आमच्या काकांना ऐकवलं, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आमचे काका कशाला ऐकून घेतायत? ते म्हणाले, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" दोन्हीकडचे पाहुणे दाद द्यायला लागले. नवरा मुलगा आणि मी पाटावर तसेच बसून. तेव्हापासून हा सामना सुरू आहे आणि अजून कुणी डाव घोषित केलेला नाही.

आता भेंडीचं सांगते. मामा नोकरीतून निवृत्त झाले आणि गावाकडच्या शेतात भाजीपाला लावायला लागले. एका संध्याकाळी पिशवीभर भेंडी घेऊन आले. कोवळी, हिरवीगार, मोडली की कट्‌कन आवाज करणारी. मी चुलीपुढे, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कणीक मळतायत, आणि मामा खुर्चीत बसून भेंडीचं कौतुक करतायत. शेजारच्याची भेंडी हळद्या रोगानं पिवळी पडली म्हणे, आमची बघा कशी. "याला म्हणतात लातूरची माती!"

मी विचारलं, "मामा, बी कोणतं लावलं होतं?"

मामा एकदम पाणी प्यायला उठले.

मला माहीत होतं ना! बियाण्याची पुडी मीच त्यांच्या खिशातून काढून धुण्याच्या बादलीबाहेर ठेवली होती. 'परभणी क्रांती'. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, हळद्याला दाद न देणारं. १९७२ साली विद्यापीठ झालं तेव्हापासून आमच्या गावानं शेतकऱ्यासाठी काय काय केलंय, हे मी भेंडी चिरता चिरता शांतपणे सांगितलं. आत्यांनी कणकेतून मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

मामांनी त्या रात्री भेंडी खाल्ली नाही. पोट ठीक नाही म्हणाले. वरण-भात मात्र दोनदा घेतला आणि उठताना म्हणाले, "डाळ लातूरची आहे. तुरीचा भाव आमच्या आडतीवर ठरतो." मी म्हटलं, "हो मामा. आणि भाकरीची ज्वारी 'परभणी मोती' आहे." हे खरंच होतं. गावाकडून आलेल्या पोत्याबरोबर तशी चिठ्ठी होती. मामा हात धुवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत.

यात आमच्या ह्यांची भूमिका काय, असं तुम्ही विचाराल. ह्यांची भूमिका अशी की त्यांना त्या वेळी नेमका फोन येतो.

आत्यांचा कायदा पाण्याचा. पाहुणा आला की आत्या त्याला अर्धा पेला पाणी देतात. अर्धा म्हणजे अर्धा, काठोकाठ कधीच नाही. "लागलं तर आणखी देते," म्हणतात आणि तांब्या घेऊन तिथंच उभ्या राहतात. लग्नानंतर माझी मावशी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं तो पेला हातात धरून माझ्याकडे अशी नजर टाकली, की पोरीला कुठं देऊन बसलो आपण! तिला बाजूला घेऊन सगळं सांगावं लागलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे तुम्हाला आठवत असेल. त्याआधी मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. त्या वर्षी पाहुण्यानं अर्धं पिऊन ठेवलेलं पाणी आत्या तुळशीला घालायच्या, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासात. मग धरण भरलं, पाऊस झाला, पण आत्यांचा हात काही सैल सुटला नाही. आजही नळ आले की त्या गच्चीवरून हाक मारतात, आणि घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून पळतो. मामा तर एकदा अर्धी दाढी करून पळाले होते. उरलेली अर्धी त्यांनी टाकी भरल्यावर केली, कारण आधी पिंप, मग माणूस, असा नियम आहे.

नणंद बारावीला आहे, म्हणजे नीटच्या तयारीला. लातुरातल्या बारावीच्या पोरीशी साधं बोलणं होत नाही. भाजी कोणती करू विचारलं तर म्हणते, "पर्याय दे." वांगं, दोडका, मेथी सांगितलं, तर पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "यापैकी नाही."

तर, येळवस. परभणीकडे हिचं एवढं प्रस्थ नाही, त्यामुळे लग्नाआधी मी फक्त ऐकून होते. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर शेतात असतं. शटरं खाली, रस्ते मोकळे, जिल्ह्याला सुट्टी. आदल्या रात्रीपासून आत्यांचा स्वयंपाक चालतो. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण ठेचून घातलेली. हिरव्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, आंबट चुका असलं सगळं एकत्र करून बेसन लावून शिजवलेली भज्जी. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेताला फेरी घालायची. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावर घ्यायचा मान घरच्या सुनेचा. बिंदगं माझ्या डोक्यावर ठेवताना मामा मागून म्हणाले, "सांभाळून गं पोरी, परभणीच्या वाटेला वळू नको."

या वर्षी माझ्या आई-बाबांना जेवायला बोलावलं होतं. बाबा घरूनच ठरवून आले होते की कशाचंही कौतुक करायचं नाही. भज्जीला ते म्हणाले, "बरी आहे." खिरीला म्हणाले, "गोड आहे." खीर गोड असणारच की! मग मामांनी स्वतः उठून त्यांना आंबील वाढली. बाबा एक वाटी प्याले. दुसरी प्याले. तिसरी मागून घेतली. ज्यांनी आंबील प्यालीय त्यांना पुढचं सांगायला नको. दहा मिनिटांत बाबा ज्वारीच्या धुऱ्यावर आडवे, आणि घोरण्याचा आवाज थेट विहिरीपर्यंत. मामांनी अत्यंत गंभीरपणे घोंगडी आणली, त्यांच्या अंगावर घातली, कडा नीट खोचल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "परभणी झोपली."

सगळं शेत हसलं. आईसुद्धा. मला काही उत्तर सुचेना.

तेवढ्यात कोपीच्या सावलीत बसलेल्या आजी बोलल्या. आमच्या आजेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या. फारसं बोलत नाहीत, कानाला कमी येतं अशी घरात समजूत आहे. उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवत त्यांनी मामांना विचारलं, "आरं, तुझं आजोळ कुठलं?"

"जिंतूर," मामा म्हणाले.

"जिंतूर कोण्या जिल्ह्यात येतंय?"

मामा गप्प. जिंतूर परभणी जिल्ह्यात येतं, मंडळी. म्हणजे आजीसुद्धा परभणीच्याच लेकी, आणि इतकी वर्षं त्यांनी या घरात परभणीची चेष्टा तोंडातून अवाक्षर न काढता ऐकून घेतली होती!

मामा म्हणाले, "आजोळ असंल. मी तर लातूरचा हाव ना."

आजी म्हणाल्या, "तू जन्मला तवा लातूर जिल्हा व्हता का रे?"

नव्हता. लातूर जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टात, आणि मामा तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्या जन्माच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेला आहे, आणि त्याचंही नाव आता धाराशिव झालंय. मामा हातातली वाटी घेऊन तसेच उभे राहिले. आजींनी दुसरा उंडा उचलला. त्यांना कमी ऐकू येतं ही समजूत त्या दिवशी संपली.

घरी आल्यावर नणंदेनं फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवला. मामा कोणत्या जिल्ह्याचे? अ) लातूर. ब) उस्मानाबाद. क) आजोळाकडून परभणी. ड) वरील सर्व.

फळा अजून पुसलेला नाही. मामा रोज त्याच्यासमोरून जातात, चष्मा कपाळावर सरकवतात, वाचतात आणि पुढं होतात. मामा, आता तुम्ही रेडिओ लावून बसला असाल तर उत्तर घरी कुणाकडंही सांगून ठेवा. निगेटिव्ह मार्किंग आहे म्हणाली पोरगी, तेवढं बघून.