स्क्रू रात्रीत फिरत नाही
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढच्या रांगेला मी प्रश्न विचारत नाही. फलकावर विषय लिहिलाय 'चेनसॉचं ट्यूनिंग कानाने कसं करावं'. तो मी घेणारच आहे. पण त्याआधी मला एक तक्रार करायची आहे, आणि तुम्ही सगळे खिशात पेचकस घेऊन फिरणारी मंडळी असल्यामुळे ती तुमच्याबद्दलच आहे.

मशीन रुसलं की आपला हात पहिल्यांदा कुठे जातो? कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे. एच भरधाव रेसचं पेट्रोल ठरवतो, एल ट्रिगर सोडल्यावरच्या संथ रेसचं, म्हणजे स्लोचं. काल मस्त चालत होतं, आज रेस घेत नाही. लगेच एच थोडा उघड, एल थोडा आवळ, पाव फेरी इकडे, अर्धी तिकडे. अहो, त्या स्क्रूमागे स्प्रिंग आहे. तो रात्री उठून आपणहून फिरलेला नाही. काल बरोबर होता तर आजही बरोबर आहे. बदललंय ते दुसरंच काहीतरी, आणि ते काय हे न शोधता आपण जी एकच गोष्ट धड होती तीही बिघडवून ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे. खरं तर इथे थांबलो तरी चालेल, पण आयोजकांनी तासभर दिलाय, तो वाया का घालवा?

टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दर फेरीला एक स्फोट करणारं इंजिन, कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको. फक्त एका भागाबद्दल बोलतो, ज्याच्याकडे कुणी बघत नाही: क्रँककेस, पिस्टनखालची, क्रँक जिच्यात फिरते ती पेटी. ती नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्बमधून हवा, पेट्रोल, ऑइल सगळं आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टातून वर जातं. डुगाल्ड क्लर्कने १८७८ साली टू-स्ट्रोक केलं तेव्हा मिश्रण भरायला वेगळा सिलिंडर जोडला होता. पुढे १८८९च्या सुमारास जोसेफ डे नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तो काढून टाकला आणि पिस्टनच्या खालच्या अंगालाच ते काम लावलं. जादा काम, बिनपगारी. मशीन हलकं झालं, स्वस्त झालं. पण त्या काटकसरीची अट अशी की क्रँककेस हवाबंद पाहिजे. सायकलच्या पंपाचं चामडं वाळलं की काय होतं ते आठवा.

हवा शिरते कुठून? क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची ऑइल सील, म्हणजे रबरी कड्या, सिलिंडरखालचं पॅकिंग, कार्ब आणि सिलिंडर यांच्या मधला रबरी बूट. बहुतेक वेळा यांतलंच एक. आता नीट ऐका, कारण अख्खं व्याख्यान या एका वाक्यावर उभं आहे: चोरवाटेने आलेली हवा पेट्रोल आणत नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. या इंजिनाला वेगळं ऑइल कुठून मिळणार? पन्नासास एक मिश्रण म्हणजे लिटरला २० मिली, त्यावर सगळी भिस्त. १२,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला २०० वेळा फिरते. लीन झालेलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळणारं, इंजिन तापतं जास्त आणि त्याला ऑइल मिळतं कमी. दोन्ही एकदम. आणि लबाडी अशी की मरायच्या आधी ते फार सुरेख वाजतं. तिखट, मोकळा आवाज. ऐकणारा म्हणतो, "वा! काय पिकअप आहे!"

(हसू नका, हे तुमच्यापैकीच कुणीतरी म्हणालेलं आहे.)

एक किस्सा सांगतो, तो लांबला तर हात वर करा. झाडांच्या छाटणीचं काम करणारे एक काका चेनसॉ घेऊन आले. आधी एकदा सीझ झालं होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून जाम. एका सर्व्हिस सेंटरने, नाव सांगणार नाही, नवीन पिस्टन-सिलिंडर टाकलं, कार्ब 'सेट' केलं आणि बिल फाडलं. बिलावर कारण लिहिलं होतं, 'ऑइल कमी'. काही दिवसांत मशीन पुन्हा जाम. काकांना पैशांपेक्षा त्या दोन शब्दांचा राग. मला म्हणाले, "मी मापाच्या बाटलीने ऑइल घालतो हो. मला बेफिकीर ठरवलं!"

मी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले आणि बॅटरी मारून एक्झॉस्ट पोर्टातून, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकातून, आत बघितलं. पिस्टनवर उभे ओरखडे, ॲल्युमिनियम वितळून फासल्यासारखं, रिंग खाचेत चिकटलेली. मग कार्ब उतरवून मागच्या, म्हणजे मिश्रण आत येतं त्या इनटेकच्या बाजूने बघितलं. तिथे पिस्टन स्वच्छ. कारखान्यातल्या तासणीच्या बारीक रेघासुद्धा शाबूत. आता सांगा, ऑइलच नसतं तर पिस्टन एकाच बाजूने खरडला असता का? तो चहूबाजूंनी खरडतो. फिल्टरमधून धूळ गेली असती तर इनटेकची बाजू घासून मळकट करडी झाली असती. फक्त एक्झॉस्टची बाजू, म्हणजे लीन आणि उष्णता. काका खरं बोलत होते, आणि त्यांची साक्ष पिस्टनवरच लिहिलेली होती. ती वाचायला दोन बोल्ट काढावे लागतात, एवढंच. तेवढेही कुणी काढले नव्हते.

मग प्रेशर टेस्ट. सायलेन्सरखाली रबराचा तुकडा, इनटेकला पट्टी, इम्पल्सच्या, म्हणजे क्रँककेसचा दाब कार्बपर्यंत नेणाऱ्या, भोकातून हातपंपाने अर्धा बार दाब भरला. काटा जागचा हलेना. बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात, लीक नाही. पण सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला असते. आतून दाब दिला की ती शाफ्टवर आणखी घट्ट बसते! म्हणून आता उलटं करायचं, व्हॅक्युम द्यायचा. दिला, क्रँक हाताने सावकाश फिरवली, आणि काटा सरसर खाली. फ्लायव्हील काढून तिकडच्या सीलवर ऑइलचा थेंब सोडला, तो डोळ्यांदेखत आत गेला. चोर सापडला. पिस्टन, सिलिंडर, सगळं नवीन बसवलं आणि मूळ गुन्हेगार रबराची कडी जुनीच ठेवली.

मी काकांना विचारलं, जाम व्हायच्या आधी काही जाणवलं होतं का? ते म्हणाले, "हो तर! गरम झालं की स्लो आपोआप चढायचा. ट्रिगर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागायचा. मी सांगितलं होतं त्यांना. त्यांनी स्क्रू फिरवून स्लो कमी करून दिला."

बघा. मशीन ओरडून सांगत होतं की हवा शिरतेय, आणि आपण पेचकसाने त्याचं तोंड बंद केलं. माझी तक्रार त्या सेंटरबद्दल नाही, या सवयीबद्दल आहे. हां, थोडी सेंटरबद्दलही आहे.

चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं. बरं, म्हणजे बाकीचे संशयित भराभर. दहा मिनिटं चालून बंद पडतं, टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालू होतं? टाकीचा व्हेंट बुजलाय. रेस वर चढतच नाही? सायलेन्सरमधली ठिणगी अडवायची जाळी बघा, कार्बनने लिंपलेली असेल. महिनोन्‌महिने पडून होतं? इथेनॉलचं पेट्रोल टाकीत राहिलं की कार्बचे डायफ्रॅम कडक होतात. पातळ पडदा आहे तो, त्यानेच पेट्रोल मोजून सोडायचं असतं. कडक पडदा स्क्रूने मऊ होत नाही, किट बदला.

आणि 'ताकद नाही' ही तक्रार आली की आधी खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुसा पडत असेल तर इंजिन निर्दोष आहे, चेन बोथट आहे, गोल कानस घ्या. चेनच्या दातावरून आठवलं, आजचा वळलेला दात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने शोधला. १९४६ साली ओरेगॉनमध्ये ओंडका पोखरणारी भुंगेऱ्याची अळी तो निरखत बसला होता, ती डावीउजवीकडे, लाकडाच्या रेषांना न जुमानता खात होती, आणि... नको, दुसरी चिठ्ठी आली.

तर, ट्यूनिंग. ज्यासाठी तुम्ही आलात. एअर फिल्टर स्वच्छ, बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि चेन बसवलेली, चेन धारदार, इंजिन गरम. स्क्रू हलकेच बसवून पुस्तिकेत लिहिलंय तेवढा उघडा, साधारण एक फेरी. जोराने आवळलात तर सुईची जागा खराब होते. आधी एल: जिथे स्लो सगळ्यात वर जातो तिथे आणा, मग किंचित उघडा, म्हणजे ट्रिगर दाबताना इंजिन अडखळत नाही. मग स्लोचा स्क्रू: इंजिन बंद न पडता चालेल, पण चेन अजिबात फिरणार नाही इतका. शेवटी एच. पूर्ण ट्रिगर, मोकळ्या हवेत, थोडाच वेळ. उघडत न्या, एका जागी आवाज फुटतो, घरघरतो. पेट्रोल जास्त झाल्यामुळे दर फेरीला स्फोट होत नाही म्हणून. त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. आता जरा आवळा, घरघर थोडी उरू द्या. लाकडात घातल्यावर भार येऊन आवाज मोकळा झाला आणि बाहेर काढल्यावर पुन्हा घरघरला, की झालं. हवेतच मोकळा वाजत असेल तर लीन आहे, उघडा.

एक फसगत मात्र आहे. पुष्कळ नवीन मशीनच्या कॉइलमध्ये आरपीएमची मर्यादा असते. ती गाठली की कॉइल ठिणगी तोडते आणि आवाज हुबेहूब तसाच फुटतो. कानाला वाटतं रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त, असतं लीन. तिथे टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजणारं यंत्र, लावून मर्यादेच्या खालीच सेट करा. आणि एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यून असेल तर हे एच-एल स्क्रूच नाहीत. आत बसलेला संगणक पेट्रोल वाढवून लीकही काही दिवस सांभाळून घेतो, म्हणजे तुम्हाला कळणार आणखी उशिरा. त्या मशीनना व्हॅक्युम टेस्ट आधी.

प्रश्न बाहेर घेऊ, तीन मशीन टेबलावर ठेवली आहेत. पेचकस इथेच ठेवून या.