‘तंबाखू’ हा शब्द नेमका कशाचा?

श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय एकच शब्द आहे. ‘तंबाखू’ म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण एका झाडाचे किंवा त्याच्या वाळलेल्या पानाचे नाव सांगतील. ते चूक नाही; परंतु या शब्दाच्या पाचशे वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर तो केवळ वनस्पतीचे नाव म्हणून कधीच स्थिर राहिलेला नाही, असे दिसते. पान, ते ओढण्याची नळी, पानांची गुंडाळी, ओढण्याची क्रिया आणि त्यातून निघणारा धूर यांच्यामध्ये तो सतत सरकत राहिला. हे सरकणे केवळ कोशकारांच्या कुतूहलाचे नाही. आजच्या कायद्यांपर्यंत त्याचे परिणाम पोहोचतात, म्हणून मी त्याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

सुरुवात 1492 पासून करावी लागते. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात कोलंबसने क्यूबाच्या अंतर्भागात दोन माणसे पाठवली होती. त्यांपैकी एक लुईस दे तोरेस आणि दुसरा रोद्रिगो दे खेरेस. परत येताना त्यांना वाटेत हातात निखारा आणि वाळलेला पाला घेऊन चाललेली माणसे भेटली. कोलंबसची मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने केलेल्या सारांशामुळे आणि त्याने स्वतः लिहिलेल्या इतिहासामुळे ही हकिगत आपल्यापर्यंत आली. लास कासास लिहितो की, हा पाला दुसऱ्या एका वाळलेल्या पानात गुंडाळलेला असे, आणि ती गुंडाळी सणाच्या दिवशी मुले कागदाची जी बंदूक करतात तशी दिसे. तिचे एक टोक पेटवून दुसऱ्या टोकाने धूर आत ओढला जाई. या गुंडाळ्यांना ते लोक ‘तबाको’ म्हणत, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे लास कासासच्या लेखी हा शब्द झाडाचा नव्हता, पानाचाही नव्हता. आज आपण जिला सिगार म्हणू, त्या तयार वस्तूचा तो होता.

याच नोंदीत पुढे एक वाक्य आहे, ज्याच्यापाशी मी नेहमी थांबतो. हिस्पॅनिओला बेटावरील काही स्पॅनिश माणसांना याची सवय लागली होती. हे व्यसन आहे, असे म्हणून त्यांची कानउघाडणी केली, तेव्हा सोडणे आपल्या हाती राहिलेले नाही, असे उत्तर त्यांनी दिले. यात त्यांना कोणती चव किंवा कोणता लाभ मिळतो हे आपल्याला कळत नाही, असे लास कासास जोडतो. हा शब्द युरोपीय लेखनात नुकताच शिरत होता, आणि त्याच्या शेजारीच ‘सोडवत नाही’ ही कबुलीही लिहिली गेली. व्यसनाचे रसायन समजायला पुढे शतके लागली. माणसांचा अनुभव मात्र तेव्हाच शब्दबद्ध झाला होता.

आता दुसरा साक्षीदार. गोन्सालो फर्नांदेस दे ओविएदो या स्पॅनिश इतिहासकाराने 1535 मध्ये वेगळीच माहिती दिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दुफाट्याच्या नळीला ‘तबाको’ म्हणत. तिची दोन टोके नाकपुड्यांत घालून धूर ओढला जाई. हे नाव उपकरणाचे आहे, वनस्पतीचे नव्हे, असेही त्याने बजावले. तिसरा साक्षीदार सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस. त्याने 1571 मध्ये या वनस्पतीच्या औषधी गुणांचे भरभरून वर्णन केले. स्थानिक लोकांत तिचे खरे नाव ‘पिसिएत्ल’ असून, ‘तबाको’ हे नाव स्पॅनिश लोकांनी त्याच नावाच्या एका बेटावरून दिले, असे तो सांगतो. बेटाची ही उपपत्ती आजही लोकप्रिय आहे, परंतु तिला भक्कम आधार नाही. ‘पिसिएत्ल’ हा नाव्हात्ल भाषेतला शब्द मात्र खरा आहे. मेक्सिकोत तो ‘निकोटियाना रस्टिका’ या तीव्र जातीसाठी वापरला जाई.

गुंडाळी, नळी, बेट अशी तीन उत्तरे झाली. चौथे उत्तर अटलांटिकच्या अलीकडचे आहे. अरबी भाषेत ‘तुब्बाक’ हा शब्द काही औषधी वनस्पतींसाठी नवव्या शतकापासून आढळतो. त्याच्याशी जुळणारी रूपे स्पॅनिश आणि इटालियन भाषांत सुमारे 1410 पासून, म्हणजे कोलंबसच्या प्रवासापूर्वी ऐंशीएक वर्षे, वनौषधींची नावे म्हणून वापरात होती. त्यामुळे काही भाषाभ्यासकांच्या मते हा शब्द अमेरिकेतून आलाच नाही. स्पॅनिश माणसांनी घरचा शब्द नव्या पानाला लावला. माझे स्वतःचे मत या दोन्हींच्या मधले आहे. परक्या बेटावर एक ध्वनी कानी पडला, तो आपल्या ओळखीच्या औषधी पाल्याच्या नावाशी मिळताजुळता वाटला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. परकी वस्तू स्वीकारताना माणूस तिच्यात ओळखीचा धागा शोधतोच.

फ्रान्सने काही काळ हा शब्द स्वीकारला नव्हता. तेथे ब्राझीलच्या तुपी भाषेतून आलेला ‘पेत्युं’ हा शब्द रूढ होता. आज बागेत लावल्या जाणाऱ्या पेटुनिया या फुलझाडाच्या नावात तोच शब्द उरला आहे. ते झाड तंबाखूच्याच कुळातले आहे. लिस्बनमधील फ्रेंच राजदूत जाँ निको याने 1560 च्या सुमारास ही वनस्पती औषध म्हणून फ्रेंच दरबारात पाठवली. त्याच्या आडनावावरून वनस्पतीच्या प्रजातीला ‘निकोटियाना’ हे नाव पडले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ‘निकोटियाना टबॅकम’ असे नाव पक्के केले, आणि 1828 मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान यांनी पानातील क्रियाशील द्रव्य वेगळे काढले, तेव्हा तेही ‘निकोटीन’ झाले. निको स्वतः कोशकार होता. त्याचा फ्रेंच शब्दकोश त्याच्या मृत्यूनंतर 1606 मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दांची सेवा करणाऱ्या या माणसाचे नाव आज जगभर एका विषाचे नाव म्हणून उच्चारले जाते, याची मला हळहळ वाटते.

पूर्वेकडे या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. काही भाषांनी ध्वनी स्वीकारला आणि काहींनी वस्तू पाहून नवा शब्द घडवला. ध्वनी स्वीकारणाऱ्या अनेक भाषांत मध्ये एक अनुनासिक आलेले दिसते. फारसीत ‘तंबाकू’, मलयमध्ये ‘तेंबाकाउ’, स्वाहिलीत ‘तुंबाकू’, कोरियनमध्ये जुने ‘दांबागो’ आणि आजचे ‘दांबे’. आपला ‘तंबाखू’ याच पंगतीतला आहे. गुजरातीतील ‘तमाकु’ आणि बंगालीतील ‘तामाक’ यांत ‘ब’ गळाला आणि अनुनासिकाचा ‘म’ तेवढा राहिला. नवा शब्द घडवणाऱ्या भाषांनी मात्र जवळजवळ एकमुखाने धुराकडे बोट दाखवले. चिनी भाषेत ‘धूर-गवत’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. तमिळमधील ‘पुगैयिलै’, तेलुगूमधील ‘पोगाकु’ आणि कन्नडमधील ‘होगेसोप्पु’ या तिन्हींचा अर्थ ‘धुराचे पान’ असाच होतो. तुर्की ‘त्युत्युन’ धुमसण्याच्या धातूवरून आला, तर हंगेरियन ‘दोहान्य’च्या मुळाशी धूर या अर्थाचा अरबी ‘दुखान’ आहे. हे पान चघळताही येते आणि नाकात ओढताही येते. तरी इतक्या दूरदूरच्या भाषांनी नाव ठेवताना धूरच पाहिला. आज धूर नसलेल्या सेवनाला अनेक जण सेवनच मानत नाहीत, त्याचे एक मूळ मला या नामकरणात दिसते.

मोगल दरबारात हा शब्द कसा उच्चारला गेला, याची एक नोंद दख्खनशी जोडलेली आहे. अकबराचा अधिकारी असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तेथे मिळालेली तंबाखू आणि एक सजवलेली नळी बादशहापुढे ठेवली. हे काय आहे, असे अकबराने विचारले. ही तंबाखू असून मक्का-मदिनेत सर्वांना माहीत आहे, आणि ती औषध म्हणून आणली आहे, असे दरबारातील सरदार खान-ए-आझमने सांगितले. दरबारी वैद्याने मात्र आपल्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, म्हणून हरकत घेतली. वैद्याची ती सावधगिरी मला आदरणीय वाटते. पुढे 1617 मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. ती फारशी टिकली नाही.

पंडितांनी या परक्या शब्दाला ‘तमाखु’ असे संस्कृत रूप दिले, आणि त्यावर एक सुभाषितही रचले गेले. ‘तमाखुपत्रं राजेन्द्र भज माज्ञानदायकम्’ ही एकच ओळ त्यात दोनदा येते. पहिल्या वेळी ‘मा’ आणि ‘अज्ञानदायकम्’ असा विग्रह करायचा, म्हणजे ‘हे राजा, अज्ञान देणाऱ्या तंबाखूच्या पानाच्या नादी लागू नकोस’ असा अर्थ मिळतो. दुसऱ्या वेळी ‘तम् आखुपत्रम्’ असे तोडायचे. आखु म्हणजे उंदीर आणि पत्र म्हणजे वाहन, म्हणून मूषकवाहन गणपती. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी. मग तीच ओळ ‘लक्ष्मी आणि ज्ञान देणाऱ्या त्या गणपतीला भज’ असे सांगते. परका शब्द भाषेत किती मुरला होता, याचा हा उत्तम पुरावा आहे. दातांना लावण्याच्या तंबाखूच्या लेपाला मराठीत ‘गुडाखू’ म्हणतात; त्या शब्दातही गूळ आणि तंबाखू असेच एकजीव झाले आहेत.

रोजच्या मराठीत ‘तंबाखू’ म्हटले की प्रामुख्याने चघळण्याची किंवा मळण्याची पत्ती डोळ्यांसमोर येते. जाळून ओढायच्या वस्तूला विडी किंवा सिगारेट अशी स्वतंत्र नावे आहेत, आणि नाकात ओढायच्या पुडीला तपकीर. त्यामुळे ‘तुम्ही तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला सिगारेट ओढणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. इंग्रजीत हीच अडचण उलट्या बाजूने येते. तेथे या शब्दासोबत धूम्रपान आपोआप गृहीत धरले जाते आणि चघळणारा सुटतो. म्हणूनच आरोग्यविषयक सर्वेक्षणांत ओढण्याचा आणि धूररहित सेवनाचा प्रश्न वेगवेगळा विचारला जातो. माझी वैद्यकीय क्षेत्रातील मंडळींना कळकळीची विनंती आहे की, रुग्णाला विचारताना ‘तंबाखू’ हा एकच शब्द पुरेसा समजू नका. विडी, सिगारेट, तपकीर, गुडाखू अशी नावे घेऊन विचारा. तंबाखूमुळे जगात दरवर्षी 70 लाखांहून अधिक माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. असे असताना प्रश्नातला शब्द ढिला असणे परवडणारे नाही.

कायद्यालाही या शब्दाची सीमा आखावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आराखडा कराराने, जो 2003 मध्ये स्वीकारला गेला आणि 2005 मध्ये अमलात आला, तंबाखूजन्य पदार्थाची व्याख्या केली ती अशी: पूर्णतः किंवा अंशतः तंबाखूच्या पानापासून बनवलेले आणि ओढण्यासाठी, चोखण्यासाठी, चघळण्यासाठी किंवा नाकाने घेण्यासाठी तयार केलेले पदार्थ. यात पान आणि वापर या दोन्ही अटी एकत्र बांधल्या आहेत. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवलेले निकोटीन बाजारात येताच यातली पहिली अट अपुरी पडली, कारण त्याचा पानाशी संबंधच नव्हता. अमेरिकेने 2022 मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून कोणत्याही स्रोतापासून मिळवलेले निकोटीन असलेली वस्तूही ‘तंबाखू उत्पादन’ ठरवली, म्हणजे पान नसलेल्या वस्तूलाही पानाचेच नाव दिले. याउलट, पानातून निकोटीन काढून भरलेल्या, ओठाखाली ठेवायच्या छोट्या पिशव्या ‘तंबाखूविरहित’ म्हणून विकल्या जातात, कारण त्यांत पानाचा चुरा नसतो. अशा वेष्टनावर ‘तंबाखू’ हा शब्द शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. त्याने ‘निकोटीन’ हा शब्द शोधावा.