खडपांचा नकाशा: कमी खर्चाचा सोनार आणि स्कूबाची ठिकाणे

मित्रहो, समोर होडीवाले आहेत, स्कूबाचे गाइड आहेत आणि समुद्रविज्ञानाचे काही विद्यार्थीही आहेत. म्हणून आधीच सांगून टाकतो, की आज मी कोणतेही यंत्र विकायला आलेलो नाही. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ टिपणारे यंत्र. पन्नास हजार ते दीड लाख रुपयांच्या दरम्यान मिळणाऱ्या सोनारने मालवण, निवती किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळच्या डायव्हिंगच्या ठिकाणांचा उपयोगी नकाशा करता येतो, हे खरे आहे. पण हे यंत्र पहिल्याच दिवशी देते ते चित्र असते. त्या चित्राचा नकाशा व्हायला जे काम लागते, ते कोणत्याही डब्यात भरून मिळत नाही, आणि आजचा बहुतेक वेळ मी त्या कामावरच बोलणार आहे.

नकाशे आपल्याकडे नाहीत असे नाही. देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे नकाशे आहेत आणि ते उत्तम आहेत. मात्र ते जहाजांसाठी केलेले आहेत. जहाजाला खडक टाळायचा असतो आणि आपल्याला नेमके त्याच्यापाशीच जायचे असते. शिवाय १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर, त्यामुळे पंधरा मीटर लांबीचे खडप तिथे कागदावर दिसण्याइतकेही मोठे राहत नाही. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, ते खडप ठाऊक असते. किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगराचा सुळका एका रेषेत आले की खाली खडक आहे आणि पाणी अमुक वाव (खोलीचे जुने माप) आहे, हे तो डोळे मिटून सांगतो. या माहितीची खोट एवढीच, की ती त्याच्या डोक्यात राहते आणि धुकट सकाळी त्या खुणाच दिसत नाहीत.

बाजूचा तळ आवाजाने टिपण्याचे तंत्र, ज्याला साइड-स्कॅन म्हणतात, १९६० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन आणि मार्टिन क्लाइन यांच्या कामातून पुढे आले. ते उपकरण जहाजामागे ओढावे लागे आणि त्याचा खर्च सरकारी संस्था किंवा तेल कंपन्यांनाच झेपे. २००५ मध्ये हमिनबर्ड कंपनीने हीच सोय मासेमारांच्या फिशफाइंडरमध्ये, म्हणजे मासे शोधण्याच्या छोट्या सोनारमध्ये, आणली आणि चित्र बदलले. पूर्ण तळ एका दमात मोजणारा मल्टीबीम सोनार आजही आपल्या आवाक्यात नाही. आपल्या पेटीत साधारणपणे दोन गोष्टी एकत्र असतात: सरळ खाली पाहून खोली मोजणारी २०० किलोहर्ट्झच्या आसपासची आवाजाची शलाका, आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पसरणाऱ्या ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झच्या शलाका.

खोली मोजणे म्हणजे वेळ मोजणे. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे पंधरा मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पण आपले पाणी उबदार आणि खारट आहे. २८ अंश सेल्सिअसला हा वेग १,५४० च्या जवळ जातो. यंत्राने १,५०० धरले असेल तर वीस मीटर खोलीला ते अर्धा मीटर कमी दाखवते. यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. लोखंडाची एक सपाट पट्टी घ्यावी, न ताणणाऱ्या दोरीला दर मीटरला गाठ मारून ती पट्टी सोनारच्या डोक्याखाली (आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाखाली) पाच मीटरवर, मग दहावर सोडावी आणि पडद्यावरचा आकडा वहीत लिहावा. दोरी आणि पडदा यांच्यातला फरक सगळीकडे सारखाच येत असेल, तर तो सोनारचे डोके पाण्यात किती बुडाले आहे त्याचा आहे. खोलीबरोबर तो वाढत जात असेल, तर दोष आवाजाच्या वेगाचा आहे.

सोनारचे डोके होडीच्या मागे, इंजिनाच्या पंख्याजवळ लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे ते बसवणे सोपे. पण पंख्याचे बुडबुडे आवाज खाऊन टाकतात आणि पडद्यावर नुसता पांढरा पाऊस दिसतो. होडीच्या मध्यावर, बाजूला एक दांडा शिकंज्याने घट्ट बसवावा, आणि जीपीएसचा ॲन्टेना शक्यतो त्याच दांड्याच्या डोक्यावर असावा. म्हणजे नोंदलेली जागा आणि मोजलेली खोली एकाच बिंदूची राहील. दुपारचा वारा उठण्याआधी काम उरकावे, कारण होडी डुलली की चित्रातला सरळ खडकही नागमोडी होतो.

तीनशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद असे एक ठिकाण समजू. बाजूचे चित्र घेण्यासाठी तीस मीटर अंतरावर सात रेषा पुरतात, म्हणजे चार नॉटच्या वेगाने जेमतेम पाऊण तास, वळणे धरून. पण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढायच्या असतील तर तीस मीटरचे अंतर फार झाले. वीस अंशांची शलाका वीस मीटर खोलीवर फक्त सात मीटर व्यासाचा तळ पाहते आणि दोन रेषांमधला उरलेला तळ संगणक अंदाजाने भरतो. तो इतका गुळगुळीत भरतो की पाहणाऱ्याला शंकाच येऊ नये, आणि मला या कामात सर्वांत धोकादायक वाटते ती हीच गोष्ट. खोलीसाठी रेषा दहा मीटरवर घ्याव्यात, त्यांना काटकोनात काही आडव्या रेषा जोडाव्यात, आणि जिथे दोन्ही एकमेकींना छेदतात तिथे खोली जुळते का ते पाहावे.

ती बहुधा जुळत नाही, आणि त्याचे पहिले कारण भरती. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, आणि त्यातला निम्मा फरक भरतीच्या मधल्या दोन तासांत पडतो. म्हणजे सकाळी आठला मोजलेली रेषा आणि दहाला मोजलेली शेजारची रेषा यांत, तळ सपाट असूनही, एक मीटरची पायरी दिसू शकते. भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तो दिवस निवडला तर हा त्रास बराच कमी होतो. तरीही जेटीच्या खांबाला मोजपट्टी बांधून एका माणसाने दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहावी. छापील भरती-कोष्टक चालते, पण खाडीच्या तोंडाशी ते आणि खरे पाणी यांच्या वेळा नेहमी एक नसतात.

आता बाजूच्या चित्राकडे येऊ. कठीण तळ उजळ, मऊ गाळ काळपट, हे सूत्र सगळे पाठ करतात. मात्र सोनारकडे तोंड करून उभी असलेली वाळूची लाटही उजळ दिसते, म्हणून मी उजेडापेक्षा सावलीवर जास्त भरवसा ठेवतो. खडक आवाज अडवतो आणि त्याच्या मागे सावली पडते. सोनारचे डोके तळापासून बारा मीटर वर असेल, सावली पाच मीटर लांब असेल आणि तिचे टोक तिरक्या अंतराने तीस मीटरवर असेल, तर पाचाला बाराने गुणून तिसाने भागावे. खडक दोन मीटर उंच आहे. वस्तूला न चिकटलेली, सुटी सावली दिसली तर तो तळावरचा खडक नव्हे, मध्येच तरंगणारा माशांचा थवा असतो.

यानंतर डायव्हर पाण्यात उतरलाच पाहिजे. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून त्याने खडकाच्या टोकाशी पोचून तरंगता बोया वर सोडावा, दोरी ताठ आणि उभी होईपर्यंत आखडावी, आणि होडीने बोयाला खेटून जागा नोंदवावी. प्रवाहात दोरी तिरकी राहिली तर ही नोंद कित्येक मीटर चुकते. त्याच वेळी मनगटावरच्या डाइव्ह-कॉम्प्युटरची खोली आणि घड्याळ लिहून घ्यावे, म्हणजे भरती वजा करता येते. असे दहा-बारा बिंदू मिळाले की क्यूजीआयएससारख्या नकाशे करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत सगळे एकत्र बसवता येते. हमिनबर्डच्या नोंदींचे चित्र जोडून देणारी पिंगमॅपर ही प्रणालीही मोफत आहे.

सोनारला काय दिसत नाही, हेही नकाशावर लिहायला हवे. नायलॉनचे फाटके जाळे बहुतेक वेळा उमटतच नाही, आणि गाइडच्या दृष्टीने खडकात अडकलेले जाळे खडकापेक्षा महत्त्वाचे असते. तळाच्या पृष्ठभागाखाली गेलेले तर काहीच दिसत नाही. गोव्याजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले, त्यांत तोफा होत्या, हस्तिदंत होते आणि मर्तबान घाटाच्या भांड्यांचे तुकडे होते. असा उथळ, लाटांनी विखुरलेला ऐवज फिशफाइंडरच्या पडद्यावर ओळखू येईल अशी आशा धरू नये. आणि चुकून तसे काही दिसलेच, तर त्या जागेचे अक्षांश-रेखांश व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे.

नकाशा हाती आला की त्याचा पहिला उपयोग पर्यटकांना दाखवण्यासाठी नव्हे, नांगरासाठी व्हावा असे माझे मत आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तरी रोज कोणता नांगर कोणत्या प्रवाळावर पडतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. खडपाला लागून वाळूचा पट्टा कुठे आहे हे या चित्रात स्वच्छ दिसते. कायमचा बोया तिथेच, परवानगी घेऊन, बसवता येईल.

परवानगीचा विषय निघाला म्हणून एक कायदेशीर बाब सांगतो. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या भूस्थानिक (नकाशे आणि जागेच्या माहितीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत किनाऱ्यापासून ५०० मीटरांपर्यंतच्या खोलीच्या माहितीसाठी उभ्या अचूकतेची मर्यादा १० मीटर आणि त्यापलीकडे १०० मीटर धरली आहे. त्याहून सूक्ष्म माहिती भारतीयांनीच तयार करावी आणि ती भारतातच साठवावी व तिच्यावरची प्रक्रियाही इथेच व्हावी, असा नियम आहे. आपला सोनार याहून कितीतरी सूक्ष्म मोजतो. फिशफाइंडरच्या ॲपमधली ‘क्लाउडवर पाठवा’ ही कळ परदेशी सर्व्हरकडे जात असेल, तर ती बंदच ठेवावी. बंदर अधिकारी, तटरक्षक दल आणि अभयारण्यात वन विभाग यांना आधी लेखी कळवावे. दांड्याला यंत्र लावून रेघा मारणारी होडी किनाऱ्यावरून संशयास्पदच दिसते.

शेवटी, हाताशी असलेले एक काम. नौदलाने जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त केलेली आयएनएस गुलदार ही सुमारे ८४ मीटर लांबीची नौका निवती रॉकच्या परिसरात तळाशी ठेवण्याची योजना आखण्यात आली. एवढा पोलादी अडथळा वाळूत ठेवला की प्रवाह त्याच्या कडेने तळ उकरतो आणि दुसरीकडे वाळू साठवतो. ते मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. आज सांगितलेल्याच दहा मीटरच्या रेषा जागेभोवती आखून ठेवाव्यात, मे महिन्यात होड्या वर काढण्याआधी एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पाणी निवळल्यावर पुन्हा, त्याच रेषांवर, तीच लोखंडी पट्टी आणि तीच दोरी वापरून मोजावे, आणि दोन्ही वेळची भरतीची वही आकड्यांसोबत जपून ठेवावी.