अब्रूची किंमत एक दमडी

[पडदा काळा. हळूहळू सोनेरी ठिणग्या दिसू लागतात.]

आधी हे चित्र नीट बघा. घाई नाही.

काळोख आहे. वरून ठिणग्या गळताहेत, धूर पसरलाय. खाली कडेला दोन-तीन माणसं उभी असावीत. असावीत असंच म्हणायचं, कारण त्यांच्या अंगातून पलीकडचं दिसतं. लंडनमध्ये थेम्सकाठी क्रेमॉर्न गार्डन्स नावाची करमणुकीची बाग होती. तिथे रात्री आतषबाजी व्हायची. अमेरिकेत जन्मलेला जेम्स व्हिस्लर जवळच चेल्सीत राहायचा. १८७५च्या सुमारास त्याने ती रात्र जेमतेम दोन फूट उंचीच्या लाकडी फळीवर उतरवली. नाव ठेवलं, 'काळ्या-सोनेरी रंगातलं निशागीत: कोसळता अग्निबाण'.

१८७७ साली बाँड स्ट्रीटवर ग्रोव्हनर गॅलरी उघडली आणि हे चित्र तिथे लागलं. किंमत २०० गिनी. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग जास्त.

ते बघायला जॉन रस्किन आला. इंग्लंडात कोणतं चित्र चांगलं हे ठरवायचा मान तेव्हा या माणसाकडे होता. त्याने आपल्या पत्रिकेत लिहिलं, ते साधारण असं: लंडनी उद्धटपणा मी पुष्कळ पाहिला, ऐकला, पण लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकायचे कुणी टिकोजीराव दोनशे गिनी मागेल, असं वाटलं नव्हतं.

व्हिस्लर गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच. त्याने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. मागणी, हजार पौंड.

[जुन्या न्यायालयाचं रेखाचित्र.]

नोव्हेंबर १८७८. वेस्टमिन्स्टरला दोन दिवस खटला चालला. रस्किन आजारी, त्यामुळे तो आलाच नाही. त्याच्या बाजूने उभे राहिले सरकारचे ॲटर्नी जनरल सर जॉन होल्कर. (आपल्या होळकरांशी काही संबंध नाही.) कोर्टात व्हिस्लरची आणखीही चित्रं आणली होती. त्यातल्या बॅटरसी पुलाच्या चित्राकडे बघून न्यायमूर्ती हडलस्टन यांनी विचारलं, पुलावर दिसतात ती माणसं आहेत का?

व्हिस्लर म्हणाला, "तुम्हाला हवं ते समजा."

कोर्टात हशा पिकला. मग होल्कर मुद्द्यावर आले. अग्निबाणाचं चित्र रंगवायला किती वेळ लागला? व्हिस्लर म्हणाला, एक दिवस; दुसऱ्या दिवशी थोडा हात फिरवला असेल, तेव्हा दोन दिवस धरा.

"म्हणजे दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी?"

"नाही. आयुष्यभर जे शिकलो, त्याचे."

टाळ्या पडल्या. हे उत्तर आज घराघरात वापरता येईल. पाच मिनिटांत फ्रिज सुरू करून देणाऱ्या मिस्त्रीशी आपण हाच वाद घालतो, आणि आपल्यातला होल्कर तेव्हा जागा असतो.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. रस्किनचं 'अन्टू धिस लास्ट' हे पुस्तक गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचलं आणि ते हादरून गेले. पुढे त्यांनी त्याचं गुजराती सार लिहिलं, 'सर्वोदय'. तो शब्द विनोबांमुळे आपल्या घरात आला. त्या मूळ पुस्तकाचं नाव बायबलातल्या एका गोष्टीवरून घेतलंय. द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेल्या मजुराला जी मजुरी मिळते, तीच संध्याकाळी तासभरच काम केलेल्यालाही मिळते. मजुरी घड्याळावर मोजू नये, हे सांगणाऱ्या माणसाचा वकील कोर्टात तास मोजत होता.

एवढंच नाही. तरुणपणी याच रस्किनने टर्नर या इंग्रज चित्रकाराची बाजू घेतली होती. टर्नरच्या वादळी समुद्राला टीकाकार साबणाचा फेस आणि चुना म्हणायचे. त्यांना उत्तर देतच रस्किन मोठा झाला, आणि साठीच्या उंबरठ्यावर स्वतः रंगाच्या डब्यापाशी येऊन थांबला.

बिचारा एडवर्ड बर्न-जोन्स. मोठा चित्रकार, रस्किनचा मित्र. मैत्रीखातर नाइलाजाने साक्षीला उभा राहिला. चित्रातला रंग चांगला आहे असं कबूल करत करत शेवटी म्हणाला, रात्र रंगवण्याच्या हजार फसलेल्या प्रयत्नांपैकी हा एक. 'पूर्ण' चित्र कसं असतं हे ज्यूरीला दाखवायला रस्किनच्या मालकीचं, व्हेनिसचा जुना थोर चित्रकार तिशन याचं म्हणून एक व्यक्तिचित्र आणलं. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याखाली नाव आहे दुसऱ्याच चित्रकाराचं, विन्चेन्झो कातेनाचं.

[तांब्याचं एक छोटं नाणं.]

निकाल व्हिस्लरच्या बाजूने लागला. भरपाई, एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा. आपल्याकडे दमडी म्हणतात तसं. हजार पौंडांचे होतात नऊ लाख साठ हजार फार्दिंग. त्यातलं एक हातावर टेकवलं. वर खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

रस्किनचा खर्च चाहत्यांनी वर्गणी काढून भरला. त्याने ऑक्सफर्डची प्राध्यापकी सोडली. आपलं मत मांडल्याबद्दल कायदा दंड करत असेल तर ते आसन नको, म्हणाला. व्हिस्लर आधीच कर्जात होता. मे १८७९मध्ये त्याचं दिवाळं निघालं, चेल्सीत हौसेने बांधलेलं 'व्हाइट हाउस' विकलं गेलं. बारा एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापायची चित्रं) करायचं काम घेऊन तो व्हेनिसला निघून गेला. तीन महिन्यांचं काम होतं. वर्षभराहून जास्त राहिला, आणि बारांच्या जागी पन्नासेक एचिंग्ज केली. ते फार्दिंग मात्र त्याने घड्याळाच्या साखळीला लटकवलं आणि मिरवलं.

[पुन्हा तेच चित्र. कॅमेरा ठिणग्यांजवळ.]

१८९२ साली हा अग्निबाण सॅम्युअल अंटरमायर या अमेरिकी वकिलाने विकत घेतला. आज तो डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. अंटरमायरने मोजले ८०० गिनी. रस्किन तेव्हा जिवंत होता, कॉनिस्टनच्या तळ्याकाठी, मन थकलेलं, लिहिणं बंद झालेलं.

व्हिस्लरने लगेच हिशोब मांडला. २०० गिनीचा एक डबा, तर ८०० गिनीचे चार डबे. आणि रस्किनला हे बघायला मिळालं, असंही वर लिहिलं.